समुद्राची वर्गणी

जगात फुकट मिळणाऱ्या गोष्टींची यादी दिवसेंदिवस आखूड होत चालली आहे. आमच्या लहानपणी त्या यादीत प्यायचं पाणी होतं, भाजीवरची कोथिंबीर होती, वाण्याकडचा गुळाचा खडा होता आणि शेजाऱ्यांचं वर्तमानपत्र होतं. पुढे पाणी बाटलीत गेलं. कोथिंबीर स्वतःच्या पायावर उभी राहून जुडीनं विकली जाऊ लागली. वाण्याचं दुकान गेलं आणि तिथे काचेचं दार आलं. काचेच्या दारामागे गूळ मिळतो, खडा मिळत नाही. शेजारी वर्तमानपत्र मोबाइलवर वाचू लागले, आणि "जरा तुमचा मोबाइल द्या हो, वाचून परत करतो," असं म्हणण्याइतका शेजारधर्म अजून कुठल्याही सोसायटीत पोचलेला नाही. तेव्हा यादीत उरल्या चारच गोष्टी: हवा, ऊन, सल्ला आणि समुद्र.

यातल्या समुद्राबद्दल मुंबईकराच्या मनात कधी शंका नसते. चौपाटीवर भेळेला पैसे पडतात, फुग्याला पडतात, नारळपाण्याला तर नारळीची बाग विकत घेतल्यासारखे पडतात. पण हे सगळे पैसे समुद्राकडे पाठ करून उभ्या असलेल्या माणसांना द्यायचे असतात. समुद्र स्वतः काही मागत नाही. उलट भरतीच्या वेळी तो आपल्याच चपला आपल्याला परत आणून देतो. निदान एक तरी.

नोकरीच्या निमित्तानं मी काही वर्षं अमेरिकेत, न्यू जर्सी राज्यात काढली. आम्ही राहायचो एडिसनला. हे गाव अमेरिकेत आहे असं नकाशा म्हणतो. प्रत्यक्षात ओक ट्री रोडवर शनिवारी संध्याकाळी उभं राहिलं, तर पाणीपुरी, साड्या, सोनं आणि गाडी लावायला जागा नसणं या चारही बाबतींत आपण मायदेशापासून फार लांब आलो आहोत असं वाटत नाही. अशा गावात पाच-सहा मराठी कुटुंबांचा गट जमायला वेळ लागत नाही. आमच्याही गटात सर्व आवश्यक नग होते. एक डॉक्टर होते, जे कुणालाही औषध सांगत नसत. एक वहिनी होत्या, ज्या सगळ्यांना सांगत. एक प्राध्यापक होते. आणि एक खजिनदार होते. खजिनदार हे काही निवडून आलेले नव्हते. काही माणसं जन्मतःच खजिनदार असतात. सहलीहून परतल्यावर रात्री साडेअकराला "प्रत्येकी सतरा डॉलर बेचाळीस सेंट" असा निरोप पाठवल्याशिवाय या गृहस्थांना झोप लागत नसे.

न्यू जर्सीला दोनशे किलोमीटरच्या आसपास समुद्रकिनारा आहे आणि उन्हाळ्यात शनिवार-रविवारी सगळं राज्य त्या किनाऱ्यावर जातं. तिथले लोक समुद्रावर 'जात' नाहीत, समुद्रावर 'उतरतात'. उतरण्यासाठी जो रस्ता आहे त्यावर जागोजाग टोल आहे. ते आपल्याला समजू शकतं. रस्ता कुणीतरी बांधलेला असतो. पण टोल भरत भरत आपण किनाऱ्यावर पोचतो, डबे उतरवतो, छत्री खांद्यावर घेतो, आणि समोर वाळूच्या तोंडाशी खुर्ची टाकून एक कॉलेजातली मुलगी बसलेली असते. ती गोड हसते आणि विचारते, "बिल्ले?"

होय, बिल्ले. त्या राज्यातल्या बहुतेक किनारी गावांत उन्हाळ्यात वाळूवर पाय ठेवण्यासाठी पैसे भरून बिल्ला घ्यावा लागतो. दिवसाचा वेगळा, मोसमाचा वेगळा. हल्ली तो मोबाइलवरही मिळतो. पण पूर्वीपासूनची पद्धत म्हणजे प्लॅस्टिकचा रंगीत बिल्ला, पोहण्याच्या कपड्यांना टाचणीनं लावायचा. तो लावून फिरताना आपण समुद्रावर हवा खायला आलो आहोत की समुद्राचं सामान उचलायला आलो आहोत, असा संशय बोरीबंदरचे हमाल पाहिलेल्या माणसाला आल्याशिवाय राहत नाही. अटलांटिक सिटी किंवा वाइल्डवूड अशा थोड्या ठिकाणी पैसे घेत नाहीत; बाकी ठिकाणी घेतात.

आम्ही तिथले रहिवासी या गोष्टीला सरावलो होतो. परदेशात राहणाऱ्या माणसाचा पहिला गुण म्हणजे तो कशालाही सरावतो. दुसरा गुण म्हणजे सरावल्याची तक्रार करतो. पण एका उन्हाळ्यात आमच्याकडे सौभाग्यवतींचे मामा आले.

मामा शिरोड्याचे. वेंगुर्ल्याच्या पलीकडे, गोव्याच्या उंबऱ्यावर हे गाव आहे. वय चौऱ्याहत्तर. आयुष्य शाळामास्तरकीत गेलेलं, त्यामुळे एरवी अगदी शुद्ध बोलत. पण तत्त्वाचा प्रश्न आला की मालवणीत शिरत. आणि तत्त्वाचा प्रश्न मामांना दिवसातून दोन-तीनदा येई. त्यांनी आमच्या घरी पहिल्याच आठवड्यात कपडे वाळवण्याच्या यंत्राला नैतिक विरोध केला होता. "ऊन बाहेर पडलेलं असताना वीज जाळायची?" असं म्हणून त्यांनी मागच्या अंगणात दोरी बांधली आणि तिच्यावर आपलं धोतर वाळत घातलं. ते पाहून पलीकडच्या अमेरिकन बाईंनी आमच्याकडे काही सण आहे का, अशी आदरानं चौकशी केली.

जुलैतल्या एका शनिवारी आम्ही समुद्रावर निघालो. नऊ मोठी माणसं, चार मुलं, दोन गाड्या, साठ बटाटेवडे, दोन डबे दडपे पोहे, चिवड्याची गोणी म्हणावी अशी पिशवी, चहाचे तीन थर्मास आणि पोहता येणारा एकही प्रौढ मनुष्य नाही. मराठी माणूस समुद्रावर पोहायला जात नाही. तो पँट गुडघ्यापर्यंत दुमडून समुद्राची तब्येत बघायला जातो. गाव कोणतं ते सांगत नाही; किनाऱ्यावरची गावं या बाबतीत एकमेकांच्या बहिणीच आहेत.

वाळूच्या तोंडाशी ती मुलगी बसली होतीच. माणशी बारा डॉलर. बारा वर्षांखालच्या मुलांना काही नाही, तसा त्या राज्याचा कायदाच आहे. हा आकडा ऐकताच आमच्या खजिनदारांच्या डोळ्यांत एस.टी.च्या अर्ध्या तिकिटाची परंपरा चमकली. त्यांच्या चिरंजीवांच्या ओठांवर कोवळी मिशी फुटलेली होती. त्याच्या पाठीवर हात ठेवून ते म्हणाले, "अकरा." चिरंजीव तिकडे वाढलेले. ते तिथल्या तिथे म्हणाले, "बाबा, मी तेरा वर्षांचा आहे." खजिनदारांनी तेरा वर्षं केलेल्या संगोपनाकडे एकदा हताशपणे पाहिलं आणि पाकीट बाहेर काढलं.

"हे कसले पैसे?" मामांनी विचारलं.

"समुद्राचे," मी म्हणालो.

मामांना वाटलं मी विनोद करतो आहे. जावयाच्या विनोदाला द्यायचं ते माफक हसू त्यांनी दिलं. मग मुलीच्या हातातली नोट पाहिली, बिल्ल्यांचा डबा पाहिला, आणि ते मालवणीत शिरले.

"दर्याक तिकीट? उद्या वाऱ्याक मीटर लावतले?"

आम्ही सगळे त्यांना समजावू लागलो. डॉक्टर म्हणाले, बारा डॉलर म्हणजे इथे काहीच नाही. वहिनी म्हणाल्या, आमच्यातर्फे आहे, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. खजिनदार म्हणाले, हल्ली कोकणातसुद्धा काही ग्रामपंचायती समुद्रावर येणाऱ्या गाड्यांकडून पैसे घेतात. हे शेवटचं वाक्य त्यांनी म्हणायला नको होतं. मामा हळू आवाजात म्हणाले, "माझे वडील लहान होते तेव्हा आमच्या गावात मिठाचा सत्याग्रह झाला. वडील तांब्या घेऊन सत्याग्रहींना पाणी देत होते. समुद्राच्या मिठावर सरकारनं कर घ्यायचा नाही, एवढंच म्हणणं होतं. त्यासाठी लोकांनी डोकी फोडून घेतली. आता मी समुद्र बघायचे बारा डॉलर भरले, तर त्यांना काय सांगू? तुम्ही जावा. मी हय बसतंय."

असं म्हणून ते वाळूच्या अलीकडच्या लाकडी फळ्यांच्या रस्त्यावर, एका बाकावर जाऊन बसले. तिथे बसायला पैसे पडत नाहीत. समुद्र तिथूनही दिसतो. फक्त पायाला लागत नाही.

आता जरा शहाणपणाचं बोलतो. वाचकांनी घाबरू नये, लवकरच वड्यांकडे परत येऊ.

समुद्र कोणाचा, हा प्रश्न मामांच्या आधीही लोकांना पडलेला आहे. इसवी सन ५३३ मध्ये बादशहा जस्टिनियननं रोमन कायद्याचं जे पाठ्यपुस्तक काढलं, त्यात हवा, वाहतं पाणी, समुद्र आणि समुद्राचा किनारा या गोष्टी निसर्गतःच सर्वांच्या आहेत असं म्हटलं आहे. म्हणजे आमच्या यादीतून फक्त ऊन आणि सल्ला त्यानं वगळला. हाच विचार फिरत फिरत न्यू जर्सीत पोचला, आणि कशाच्या निमित्तानं म्हणाल, तर कालवांच्या! एडिसनच्या कडेनं रॅरिटन नावाची नदी वाहते. तिच्या मुखाशी पर्थ अँबॉय गावात आर्नल्ड नावाच्या जमीनमालकानं आपल्या शेतासमोर नदीच्या तळाशी कालवं पेरली होती. मंडी नावाच्या गृहस्थांनी माणसं आणि होड्या घेऊन ती उचलली. आर्नल्ड कोर्टात गेला आणि १८२१ साली हरला. भरती-ओहोटीच्या पाण्याखालची जमीन ही जनतेची आहे, सरकार तिचं फक्त विश्वस्त आहे, आणि विश्वस्ताला देवस्थानची जमीन परस्पर विकता येत नाही, अशा अर्थाचं ते तत्त्व.

मग बिल्ले कसे आले? त्याचाही निकाल झालेला आहे. ॲव्हन नावाच्या किनाऱ्यावरच्या गावानं १९७० साली असा नियम केला की मोसमाचा स्वस्त बिल्ला फक्त गावकऱ्यांना. बाहेरच्यांनी जास्त मोजायचे. शेजारच्या नेपच्यून सिटीनं दावा लावला. या गावाचं नाव समुद्राच्या देवाचं, पण त्याला स्वतःचा समुद्रकिनारा नाही. आपल्याकडे लक्ष्मी नावाच्या बाईंकडे पैसे नसतात तसं. १९७२ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की गावानं वाजवी पैसे घ्यावेत, पण गावकरी आणि परका असा भेद करायचा नाही. समुद्र सगळ्यांना सारख्याच अटीवर. पुढे १९८४ साली बे हेड इथल्या एका खाजगी संस्थेलाही, आपली कोरडी वाळू फक्त सभासदांसाठी राखून ठेवता येणार नाही, असं बजावण्यात आलं. आपल्या सर्वोच्च न्यायालयानंही १९९६ च्या डिसेंबरात, हिमाचलातल्या बियास नदीच्या काठावरच्या एका हॉटेलाच्या प्रकरणात, हेच विश्वस्ताचं तत्त्व भारतीय कायद्याचा भाग म्हणून मान्य केलं. गंमत एवढीच, की ज्या देशात या कायद्याचा उगम झाला त्या इटलीत आज किनाऱ्याचे लांबच लांब पट्टे खाजगी मंडळींना चालवायला दिलेले आहेत, आणि तिथे छत्री-खुर्चीचं भाडं भरून रांगेत बसावं लागतं.

तर सांगायचं असं, की मामा बाकावर बसून जे म्हणत होते ते रोमनांपासून चालत आलेलं होतं. आणि खजिनदार वाळूवर बसून जे म्हणत होते तेही अगदीच टाकाऊ नव्हतं. ते म्हणत होते, "अहो, समोर बघा. उंच खुर्चीत ते जीवरक्षक बसलेत. त्यांना पगार नको? रात्री यंत्र फिरवून वाळू साफ करतात. डिझेल फुकट येतं? पलीकडे संडास आहेत, स्वच्छ आहेत. आपल्या चौपाटीवर फुकट समुद्र आहे. तिथे अनवाणी चालून दाखवा!"

यावर प्राध्यापक म्हणाले, "पण वादळानं वाळू वाहून गेली की ती समुद्रातून उपसून पुन्हा किनाऱ्यावर टाकतात, त्याच्या खर्चाचा मोठा वाटा केंद्र सरकार उचलतं. म्हणजे ही वाळू सगळ्या देशानं भरलेल्या करातली आहे. मग गावानं दारात पेटी का ठेवायची?"

खजिनदारांना उत्तर सुचेना, म्हणून त्यांनी वडा घेतला.

एवढ्यात त्यांना एक मोठा शोध लागला. बिल्ल्यांच्या फलकावर खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की त्या गावात पासष्ट वर्षांवरच्या लोकांना काहीच पडत नाही. खजिनदार आनंदानं धावतच बाकापाशी गेले. "मामा, चला! तुम्हाला फुकट आहे!"

मामांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "आधी म्हणालात विकत," ते म्हणाले, "आता म्हणता दान. मी समुद्र विकतही घेणार नाही आणि भिक्षाही घेणार नाही. माझं वय झालं म्हणून समुद्र माझा होत नाही. तो आधीपासूनच आहे."

फुकट नाकारणारा माणूस खजिनदारांनी आयुष्यात प्रथमच पाहिला होता. ते परत आले आणि बराच वेळ क्षितिजाकडे बघत राहिले.

खरं सांगायचं तर त्या वेळी सहलीची मजा थोडी गेलीच होती. सौभाग्यवती दर पाच मिनिटांनी बाकाकडे बघत होत्या. मामा परत केव्हा इकडे येणार, येणार की नाही, हा विचार तिच्या मनात होता आणि माझ्याही. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस सोळा तासांचा विमानप्रवास करून आलेला, आयुष्यात पहिल्यांदाच दुसरा समुद्र बघतोय, आणि तो पन्नास पावलांवर बसून आहे. तत्त्वाला किंमत असते असं आपण भाषणात म्हणतो. ती किंमत मोजताना माणूस समोर बसलेला दिसला की गळ्यात वडा अडकतो.

दुपारी तीनच्या सुमारास वारा सुटला. अटलांटिकचा वारा आपल्या अरबी समुद्रासारखा घरगुती नाही; तो एकदम अंगावर येतो. पहिल्यांदा आमची छत्री उलटी झाली. मग चिवड्याच्या पिशवीचं तोंड उघडलं. आणि मग कागदी बश्यांची ती चळत, खजिनदारांनी घाऊक दरात आणलेली, एकामागून एक उडत, नाचत वाळूवरून पाण्याकडे निघाली. आम्ही आठही मोठी माणसं छत्री धरू की मुलं धरू की चिवडा धरू अशा अवस्थेत उभी होतो. चिवड्याला प्राधान्य मिळालं, हे ओघानंच आलं.

आणि माझ्या शेजारून धोतराचा सोगा हातात धरलेली एक आकृती वाऱ्याच्या वेगानं गेली. मामा! बश्यांच्या मागे! शिक्षकानं वर्गातून पळालेल्या पोराच्या मागे धावावं तसे ते धावत होते. एक पायाखाली दाबली, दोन पाण्याच्या रेषेवर पकडल्या, शेवटचीसाठी गुडघाभर पाण्यात गेले. एक जीवरक्षक खुर्चीवरून अर्धवट उठला. ती बिल्लेवाली मुलगीही उभी राहिली होती. पण तिनं मामांना हटकलं नाही. उलट तिनं स्वतः दोन बश्या पकडल्या आणि आणून मामांच्या हातात दिल्या. मामांनी तिला नमस्कार केला. तिनंही केला, बशीसकट.

मामा ओल्या धोतरानं आमच्यात येऊन बसले. सौभाग्यवतीनं न बोलता थर्मासमधला चहा पुढे केला. कोणीही बिल्ल्याचं नाव काढलं नाही. चहाचा घोट घेऊन मामा खजिनदारांना म्हणाले, "आता माझी वर्गणी भरून झाली."

परतीच्या वाटेवर, टोलनाक्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत, मामांनी हा शब्द आम्हाला सोडवून सांगितला. त्यांच्या लहानपणी शिरोड्याच्या वाळूवर रापण लागत असे. होडीतून समुद्रात भलं मोठं जाळं गोल टाकून यायचं आणि मग दोन्ही बाजूंचे दोर किनाऱ्यावरून ओढायचे. ओढायला गावातला कोणीही यावं. दोराला ज्याचा हात लागला, त्याला मासळीतला वाटा. "समुद्राला तिकीट नव्हतं," मामा म्हणाले, "पण समुद्र फुकटही नव्हता. दोर ओढावा लागे. आणि एखादी म्हातारी, जिला ओढणं जमत नसे, ती टोपली घेऊन नुसती उभी राहिली तरी तिच्या टोपलीत दोन बांगडे पडतच."

मामांचा हा विचार मी पुढे बराच काळ घोळवत होतो, आणि मला वाटतं, त्यात सगळं आहे. तिकीट आणि वर्गणी यांत फरक काय? दोन्हींत खिशातून पैसे जातात. पण तिकीट हा सौदा असतो: मी पैसे दिले, तू माल दे. तिकीट काढलेल्या माणसाला खुर्चीखाली शेंगांची टरफलं टाकायचा हक्क आपोआप मिळाल्यासारखा वाटतो. झाडणाऱ्याचे पैसे त्यात आले ना! वर्गणी देणारा गिऱ्हाईक नसतो, तो मालकांपैकी एक असतो. म्हणूनच आपण दोन डॉलर वर्गणी देतो आणि मंडळाला दोनशे डॉलरचे प्रश्न विचारतो.

मिठाचा कर आणि बिल्ल्याचे पैसे यांतला फरकही इथेच आहे. १९३० च्या मे महिन्यात शिरोड्याच्या लोकांनी नाकारला तो कर समुद्राकडे परत येत नव्हता. तो खजिन्यात जात होता, आणि खजिना त्यांचा नव्हता. बिल्ल्याचे पैसे निदान कायद्यानं तरी त्याच वाळूवर, त्याच जीवरक्षकावर खर्च व्हायचे असतात, आणि गावकऱ्यालाही तेच पडतात आणि एडिसनहून वडे घेऊन आलेल्यालाही तेच. एवढ्यापुरता तो बिल्ला वर्गणीत बसतो.

पण पुरता बसत नाही. वर्गणीची दुसरी खूण अशी, की ती न देणाऱ्यालाही प्रसाद मिळतो. गणपतीच्या मंडपात पावती दाखवून कोणी मोदक घेत नाही. रापणीवरच्या म्हातारीला दोन बांगडे मिळतात. ज्या समुद्रावर पाच माणसांच्या घराला साठ डॉलर मोजल्याशिवाय पाय बुडवता येत नाहीत, तिथे त्या म्हातारीनं कुठे उभं राहायचं? शिवाय माणसं बाहेर ठेवायला पैसेच लागतात असं नाही. गाड्या लावायला जागा ठेवू नका, संडास बांधू नका, म्हणजे लांबून येणारे आपोआप कमी होतात. दारावर 'सर्वांचे स्वागत' अशी पाटी लावायला मोकळे. ही युक्ती जगात सगळीकडे चालते. आपल्याकडे तर ती पाटीसुद्धा वाचवतात.

मग सगळंच फुकट ठेवावं? त्याचंही उत्तर आपण मुंबईत पाहिलेलं आहे. जे सगळ्यांचं ते कोणाचंच नाही, हे आपल्या चौपाट्या रोज सकाळी सिद्ध करतात. वर्सोव्याचा किनारा कचऱ्याखाली दिसेनासा झाला होता, तोही फुकटच होता. २०१५ साली अफरोझ शाह हे तिथले वकील आणि त्यांच्या शेजारचे चौऱ्याऐंशी वर्षांचे गृहस्थ, असे दोघे जण खाली वाकून कचरा उचलू लागले. मग हळूहळू लोक जमले, शनिवार-रविवार जमत राहिले. २०१८ साली त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे गेली. त्या किनाऱ्यावर कोणी बिल्ला लावला नव्हता. पण दोराला हात लागला होता.

'सार्वजनिक' हा शब्द आपण फार सैल वापरतो. १८७० साली पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली, तेव्हा सभासद व्हायला किमान पन्नास माणसांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणावं लागत असे. सर्वांच्या नावानं बोलायचं तर आधी काही जणांनी सही केली पाहिजे, इतका साधा विचार त्यामागे होता. आज आपण 'सार्वजनिक' म्हणतो ते नळाला, शौचालयाला आणि बाकाला, आणि अशा सुरात म्हणतो की त्याच्याशी आपला संबंध नाही हे ऐकणाऱ्याला लगेच कळावं. सही करायची वेळ आली की सर्वजनांत आपण सोडून बाकीचे सगळे असतात.

मला स्वतःला विचाराल तर समुद्राला तिकीट नसावं, हे मामांचं म्हणणं मी मान्य करतो. फक्त ते मान्य करणाऱ्यावर एक जबाबदारी येते, ती बारा डॉलरपेक्षा महाग आहे. बारा डॉलर देऊन सुटता येतं. बशीमागे धावण्यातून सुटका नाही. आणि बश्या दुसऱ्याच्या असल्या तरी नाही, हे तर फारच जड आहे. माझ्यासारखी माणसं बहुधा म्हणूनच मुकाट्यानं पाकीट काढतात.

त्या रात्री साडेअकराला खजिनदारांचा निरोप आला. बिल्ले नऊ, प्रत्येकी बारा, एकूण एकशे आठ. शिवाय टोल, पेट्रोल, बर्फ. हिशेब चोख होता. पण खाली एक ओळ जास्त होती. गाडीतून उतरताना मामांनी त्यांच्या खिशात बळेच बारा डॉलर कोंबले होते, आणि खजिनदारांनी ते परत करायचा प्रयत्न करूनही मामांनी घेतले नव्हते. बिल्ला तर काढलेला नाही. मग रक्कम कोणत्या खात्यात टाकायची? ते बिचारे अडून बसले होते. मी मामांना विचारलं. मामा दोरीवर धोतर वाळत घालत होते. म्हणाले, "शेवटची बशी हाताला लागली नाही, ती पाण्यात गेली. तिचे."

खजिनदारांनी ती रक्कम अजून 'अनामत' म्हणून ठेवलेली आहे. खात्याचं नाव विचारलं तर सांगतात, "समुद्र." जमा बारा. येणं किती, ते मात्र त्यांनी अजून लिहिलेलं नाही.